नाकामागची पिशवी

आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर निवेदकाला काय मान असतो, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गाडा पळतो बैलांच्या पायांवर, हे खरं. पण तो पळाला असं गावाला वाटतं ते माईकवरच्या माणसामुळं. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की गाडा चढावरून वर पोचायच्या आत बैलांचं कौतुक, मालकाचं नाव, गावाचं नाव आणि शेवटी सेकंद, सगळं एका दमात म्हणावं लागतं. मी ते वर्षानुवर्षं करत आलोय. निमगाव सावाच्या शिवारात माझा कांदा आहे, ऊस आहे. पण तिकडं डिंभ्यापर्यंत मला कुणी कांद्यावरून ओळखत नाही. आवाजावरून ओळखतात.

आवाजही साधासुधा नव्हता. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा. आणि त्याच्याआधी माझं ते खाकरणं! प्रत्येक बारीच्या आधी माईकसमोर मी एकदा दणकून खाकरायचो आणि सगळा घाट चिडीचूप व्हायचा. लग्नकार्यात लोक माझी नक्कल करायचे. मी समजायचो, ही माझी कला. खरं म्हणजे घशाच्या मागं कायम काहीतरी चिकट ओघळत असायचं आणि ते हलवल्याशिवाय शब्दच फुटत नसे. पण कलाकारानं आतली गोष्ट कशाला सांगायची?

आदर तर असा मिळायचा की काय सांगू. इतर निवेदकांच्या अंगावर गाडामालक अक्षरशः चढतात. कानात ओरडतात, गळ्यात हात टाकतात, बैलाचं नाव राहिलं म्हणून माईक ओढतात. माझ्या बाबतीत असलं काही नाही. मालक हातभर लांब उभा राहून, मान दुसरीकडं वळवून, अदबीनं चिठ्ठी पुढं करायचा. स्टेजवरचे पंच माझ्या दोन्ही बाजूंना जागा सोडून बसायचे. माझा माईकसुद्धा वेगळा होता. साउंडवाला तो लाल फडक्यात गुंडाळून आणायचा, आणि दुसऱ्या कुणी हात लावला की ओरडायचा, “ओ पावणं, त्यो नका घेऊ! त्यो अण्णांचाच हाय!” मी गालातल्या गालात हसायचो. पंच नाकाला गमछा बांधून बसायचे. मला वाटायचं, धुळीचा त्रास. धूळ खाली घाटात उडत होती आणि तिथली माणसं उघड्या तोंडानं आरोळ्या ठोकत होती, हे डोळ्यांना दिसायचं. डोक्यात शिरत नव्हतं.

तोंडाला मात्र मधूनमधून कुजकट चव यायची. मी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला, ती घासून घेतली. मग दाढेवर घेतला. दातांचा डॉक्टर नको नको म्हणत असताना हट्टानं दाढ काढायला लावली. बिचारी अगदी निरोगी निघाली. चव तशीच. पुढं डोक्याचा मागचा भाग ठणकायला लागला, एका कानाला दडे बसायला लागले. मी म्हटलं, भोंग्याजवळ उभं राहून होणारच.

आणि मग एका यात्रेत ते झालं. आंबेगावातल्या एका वस्तादाचा गाडा होता. नवी बैलं, वर्षभर लेकरांसारखी जपलेली. निशाण पडलं, मी खाकरलो, तोंड उघडलं आणि घशात ते चिकट असं आडवं बसलं की आवाजच निघेना. गाडा खालून वर गेला, तोही नंबरात, आणि माईकवर नुसती घरघर. वस्ताद वर आला. हातभर लांबच थांबला. डोळ्यांत पाणी.

“अण्णा, आमचा गाडा मुकाच गेला वं.”

मला कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं मला मोटारसायकलवर बसवलं, म्हणजे मीच चालवत होतो पण बसवलं तिनं, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी नाकातून बारीक दुर्बीण आत घातली. पडद्यावर माझ्याच घशाचं छत दिसत होतं, आणि नाकाच्या मागच्या दाराशी, बरोबर मध्यावर, एक फुगलेली पिवळट गोळी.

“गाठ आहे,” बाई म्हणाल्या.

बायकोनं माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

“घाबरू नका. कॅन्सरसारखं दिसत नाही. पाण्यानं भरलेली पिशवी असते तशी आहे. अशी बऱ्याच जणांना असते आणि जन्मभर कळतही नाही. तुमची मात्र पिकलीय. झिरपतेय. म्हणून घशात ओघळतं, डोकं दुखतं. तोंडाला वास येतो का?”

“छे!” मी म्हणालो.

“येतो,” बायको म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण तेवढ्या एका शब्दात माझं सगळं वैभव खाली आलं. हातभर लांबची चिठ्ठी, वळवलेली मान, गमछे, लाल फडकं. घाटावर इतकी वर्षं मी ज्याला आदर समजत होतो, तो होता वारा कुठून येतोय ते बघून घेतलेला पवित्रा!

“आणि आवाज?” मी विचारलं. मला तेवढंच विचारायचं होतं.

“नाक मागून बंद आहे म्हणून तो असा घुमतो. पिशवी उघडली की थोडा मोकळा होईल. बिघडायचा नाही.”

थोडा! सोनाराला म्हणा, सोनं थोडं बदलेल. परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेतली.

“तुला ठाऊक व्हतं?”

“नाकापाशी नाक घिऊन संसार केला, ठाऊक नसंल व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले व्हते. तुमी म्हणाला, लसणाची चटणी खाल्लीय. मग यात्रेची माणसं घरी आली. म्हणली, वैनी, अण्णांना काय कळू द्यू नका. लाजून तोंड मिटलं तर घाटानं कुणाचं ऐकायचं? आमी नाक बांधू, पण आवाज पायजे.”

आधी मला लई लाज वाटली. मग गाडीला किक मारता मारता हळूहळू छाती फुगायला लागली. राव, कुणाच्या आवाजासाठी अख्ख्या घाटानं अशी वर्षानुवर्षं नाकं बांधलीत? दाखवा मला असा दुसरा गायक!

पण ह्याच विचारानं ऑपरेशनचं अवघड झालं. ज्या आवाजापायी लोकांनी एवढं सोसलं, तोच घालवून बसलो तर? गावची यात्रा तोंडावर आली होती. कमिटीचे अध्यक्ष घरी आले, उंबऱ्याबाहेर बसले.

“अण्णा, करून टाका. आवाज गेला तरी आमी तुमाला स्टेजवर नुसतं बसवू. फेटा बांधून.”

“नुसतं बसवायला मी काय समई हाय?”

आठवडाभर मी होय-नाही करत राहिलो. शेवटी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, “तुमच्या घाटाचं तुमी बघा. मला तुमच्याकडं तोंड करून झोपायचंय.”

इतकी वर्षं ती भिंतीकडं तोंड करून झोपत होती. मला वाटायचं, तिला भिंतीचा गारवा आवडतो.

पुण्याला जाऊन ऑपरेशन झालं. नाकातूनच. बाहेर टाका नाही, खूण नाही, त्यामुळं आल्या-गेल्याला दाखवायला काही उरलं नाही. पिशवी उघडून मोकळी केली, तुकडा तपासायला पाठवला, तोही साधाच निघाला. घरी आल्यावर पहिली हाक गोठ्यातल्या गाईला मारली. एरवी माझ्या आवाजानं ती दाव्याला ओढ देते. तिनं मान वर केली नाही. रवंथ करत राहिली. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही.

यात्रेचा दिवस उजाडला. स्टेजवर चढलो. साउंडवाल्यानं लाल फडकं सोडून माईक हातात दिला. पंचांचे गमछे सवयीनं नाकावर. खाली माणसांचा समुद्र. पहिली बारी त्याच आंबेगावच्या वस्तादाची होती. मुका गेलेला तोच गाडा त्यानं आता आमच्या घाटावर आणला होता. निशाणवाला माझ्याकडं बघत होता. सगळा घाट गप्प होऊन माझ्या खाकरण्याची वाट बघत होता.

मी खाकरलो. घशात काही नव्हतंच! नव्या सुनेनं पदराआड खोकावं तसं ‘हं’ निघालं. घाट तसाच गप्प.

तेवढ्यात खालून, गाड्याजवळून, वस्ताद खाकरला. दणकून, माझ्यासारखा. मग त्याच्यामागं कुणीतरी. मग दरडीवरचे, झाडांवरचे, ट्रॅक्टरांवर उभे असलेले. राव, सगळा घाट माझ्यासाठी खाकरला! आणि निशाण पडलं.

काय बोललो ते मला आठवत नाही. आवाज निघाला एवढं आठवतं. रांजणातला नव्हे, रांजण फुटून पाणी मोकळं सुटावं तसा, पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. वस्तादाच्या बैलांची नावं, गावाचं नाव, सेकंद, एक अक्षर राहिलं नाही.

असं मला वाटलं. वस्ताद धावत वर आला, माझ्या गळ्यात हात टाकला, कानाला तोंड लावलं आणि ओरडला, “अण्णा, माझ्या आज्याचं नाव राह्यलं की वं!” आणि माईक ओढला.

गमछे खाली आले होते. पंच आणि मालक इतके खेटून उभे राहिले की माझी खुर्ची कुणाच्या बुडाखाली गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेल्या सगळ्या बाऱ्या मी उभ्यानं बोललो.