आईंची मूठ

फतेगंजला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींना ‘अंदाजे’ हा शब्द खपत नसे. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं किराण्याचं पाकीट त्या घरच्या वजनकाट्यावर ठेवत आणि पाच ग्रॅम कमी भरलं, तरी परत घेऊन जात.

“चालशे, बेन,” गुजराती दुकानदार म्हणे.

“नाही चालणार.”

सासूबाईंच्या चिवड्यातले मूठभर दाणेसुद्धा त्यांनी मोजून वहीत लिहिले होते: पन्नास ग्रॅम. दर दिवाळीला सासूबाई मूठ भरत आणि वहिनी वजन पडताळत.

सासूबाईंच्या आजारपणानंतरच्या दिवाळीत मी तिथेच बसले होते. त्यांनी मूठ रिकामी केली. काटा पस्तीसवर थांबला.

“किती गं? मला दिसत नाही.”

“पन्नास, आई,” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे रोखून बघत कमी पडलेले दाणे स्वतः घातले.