नवा पोळपाट

मालेगावच्या बसस्टँडजवळच्या खानावळीत मी ऑफिस सुटल्यावर जेवायचे. आतल्या दारापाशी एक बाई पोळ्या लाटायच्या. नवं गिऱ्हाईक आलं की त्या पदर पुढे ओढायच्या. थोडी ओळख झाल्यावर मी नाव विचारलं.

"नाव कायले पायजे, माय? मंग लोक आडनाव विचारतेत. आमी बौद्ध. मालकाले समजलं तं काम जाईन."

त्यानंतरही माझ्या ताटात गरम पोळी यायची. त्या मात्र वर बघायच्या नाहीत.

गेल्या आठवड्यात तिथे दुसऱ्याच बाई होत्या. मालक शेजारच्या टेबलाला सांगत होता, "तिच्या गावच्यानंच ओळखलं. आडनाव लपवून राह्यली होती. आता बिनधास्त जेवा भाऊ, पोळपाटबी नवा आणला."

जुना पोळपाट मोरीपाशी पडला होता, मधोमध झिजलेला. शेजारच्या माणसाने आणखी एक पोळी मागितली.