बर्फवाल्यांची सुट्टी

चार माणसं दहा वर्षं एका छपराखाली काम करून राह्यली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडं तर साचलेला माल ठेवायला बर्फाची कोठीच होती, मंग काय विचारता!

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाल्ती. मी जालन्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात हजेरीबाबू म्हणून चिकटलो. कोण आलं, कोण न्हाई आलं, गेटातून काय बाहेर गेलं, एवढं लिहायचं आन् बाकी वेळ गप्पा मारायच्या. गप्पांचं काम मी जास्त इमानदारीनं केलं, हे कबूल करतो.

आता आमची गंमत अशी की सगळ्या जगाला सुट्टी उन्हाळ्यात, आन् आम्हाला पौषात. पौषात बर्फ कोण घेणार? तेव्हा मशीन खोलायची, टाक्या घासायच्या आन् पंधरा दिवस घरी. बरं, वर्षभर बर्फात हात घालणारा माणूस सुट्टीत कुठं जाणार? थंड हवेच्या ठिकाणी? आमच्यात कुणी महाबळेश्वरचं नाव काढलं की लोक त्याच्याकडं वैऱ्यासारखे बघायचे.

*

सगळ्यात जास्त थंडी वाजायची ती मालकाला. मोतीशेठ. मारवाडातून त्यांचे आजोबा आल्ते, पण थंडीचं भ्यांव शेठ स्वतः लहानपणी तिकडून घेऊन आल्ते. तिकडं मामाकडं गेले आन् न्यूमोनिया झाला म्हणे. बर्फ विकणारा हा माणूस बर्फाच्या कोठीत कधी पाय ठेवायचा न्हाई. दारात उभं राहून आतल्या गड्याला ओरडायचा, "सखाराम, किती लाद्या हायेत रे?" वैशाखातही आंघोळीला कढत पाणी!

आन् देवानं गाठ कुणाशी घातली? भाभीजींशी. शेठच्या बायकोला आम्ही सगळे भाभीजी म्हणायचो. घर कारखान्याच्या अंगणालाच लागून, त्यामुळं त्यांचं काही लपून राहायचं न्हाई. भाभीजींना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती: बद्रीनारायणाचं दर्शन, आन् तिथला डोंगरावरचा बर्फ डोळ्यानं बघणं. त्यांची आई दोनदा निघाली आन् दोन्ही वेळा वाटेतून परत आली. तेव्हापासून भाभीजींचा नवस, आन् तो जोडीनंच फेडायचा. नवऱ्याशिवाय जाऊन चालणार न्हाई.

अडचण बघा. बद्रीचं दार उघडतं अक्षय तृतीयेच्या सुमाराला. तेव्हाच आमचा सीझन! आमचा सीझन संपून सुट्टी लागते तोवर बद्रीला कुलूप. शेठ तर हात जोडून म्हणायचे, "मी कुठं नको म्हणतो? देवानंच टाइमटेबल असं केलंय!" आन् सुट्टी लागली की भाभीजींना घेऊन रामेश्वर, कन्याकुमारी, जिथं घाम येईल तिथं.

भाभीजींचे गुडघे मात्र दर वर्षी थोडे थोडे जात होते.

*

सखाराम डाभाडे आमचा लादी ओढणारा. साडेतीन मणाची लादी लोखंडी आकड्यानं अशी ओढायचा की बघणाऱ्याला वाटावं, पाट सरकवतोय. सुट्टी लागली की हा अंबडकडं सासुरवाडीला. पहिल्या वर्षी सासूबाईंनी पुरणपोळीचा बेत केला, मेव्हण्यांनी नदीवर पोहायला बोलावलं. हा पठ्ठ्या सकाळी चुलीपुढं जाऊन बसला तो हललाच न्हाई. हात पुढं, डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सासऱ्यानं वैद्य बोलावला. वैद्यानं नाडी बघितली आन् म्हणाला, "जावई ठणठणीत हायेत."

तेव्हा सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, "ठणठणीत हायेत तर उठवा त्यांना! तीन दिवस झाले, मला भाकरी थापायची हाये!"

*

इस्माईलभाई आमचे मिस्त्री. इंजिन, कॉम्प्रेसर, सगळं त्यांच्या हातात. मशीनच्या आवाजावरून सांगायचे की आज हिला काय दुखतंय. राखी पौर्णिमेला भाभीजी त्यांना न चुकता राखी बांधायच्या, आन् इस्माईलभाई ती मळून काळी होईपर्यंत हातातून काढायचे न्हाईत.

ते हजला निघाले तेव्हा सगळं गाव सांगून राह्यलं, "मिस्त्री, तिकडं गरमी फार हाये, सांभाळून." इस्माईलभाईंचा चेहरा असा खुलला! म्हणाले, "बाबू, वीस बरस झाले बर्फात हाये. सांभाळायचं काय त्यात?"

मुंबईहून जहाज निघालं. पुढं उकाडा असा की लोक डेकवर तडफडून राह्यलेले, आन् हे एकटे खुशीत. तिसऱ्या दिवशी जहाजातली बर्फाची मशीन बिघडली. पाणी गरम, लोक हैराण. खलाशी विचारत फिरून राह्यले, "कुणाला मशीनचं काही समजतं का?"

"मंग?" आम्ही विचारलं.

"मंग काय! मी चादर ओढून घेतली. दोन दिवस बोललोच न्हाई. पण बाबू, निघालो कुठं? हजला! आन् हुनर लपवून बसलो! तिसऱ्या दिवशी एक म्हातारी पाणी मागाय लागली, तेव्हा उठलो. मशीन खोलली, दुरुस्त केली. त्या दिवसापासून जहाज लागेपर्यंत त्यांनी मला त्या मशीनच्याच थंड खोलीत बिछाना दिला. खास इज्जत म्हणून!"

*

आमच्या गल्लीत एक गुरुजी राहायचे. त्यांचा भाऊ सरकारी नोकरीत, सिमल्याला. नाताळच्या सुट्टीत गुरुजी तिकडं जाऊन आले आन् आमच्या गेटवर त्यांचं व्याख्यानच झालं. "काय वर्णावं! आभाळातून बर्फ पडत होता. लोक मजेत फिरत होते."

सखारामानं हातातला आकडा खाली ठेवला. "आभाळातून?"

"हो तर! रात्रभर पडला. सकाळी छपरं भरलेली."

"आन् लोक खाली फिरून राह्यले?"

"अरे, मुलं नाचत होती!"

सखारामानं मागं वळून लादीकडं बघितलं. साडेतीन मण. एकदा पायावर पडून त्याचं एक बोट गेल्तं. तो थेट अंगणात गेला आन् भाभीजींना हात जोडून म्हणाला, "भाभीजी, काही झालं तरी तिकडं जाऊ नका. तिथं मुलंसुद्धा डोक्यानं गेलेली हायेत!"

शेठला तर आयता साक्षीदार मिळाला. त्यानंतर बद्रीचा विषय निघाला की शेठ म्हणायचे, "मी न्हाई म्हणत. सखारामला विचारा. तो यातला जाणकार हाये." गुरुजींनी आठ दिवस समजावलं की बर्फ भुरभुर पडतो, कापसासारखा. सखाराम ऐकून घ्यायचा आन् म्हणायचा, "गुरुजी, बर्फाचं मला नका सांगू."

*

एका वर्षी भाभीजी फारच रुसल्या. शेठनं मुंबईहून रत्नागिरीपर्यंत बोटीची सहल ठरवली. त्या काळी जालन्यात एखादा हाजी सोडला तर बोटीत बसलेला माणूस शोधून सापडायचा न्हाई! शेठ परत येईपर्यंत आम्हाला कौतुक.

परत आल्यावर कळलं की बोटीवर वारा लागतो म्हणून शेठ कानटोपी घालून, वर मफलर गुंडाळून, वर घोंगडी घेऊन बसले होते. डेकवरच्या लोकांना वाटलं, कुणी आजारी माणूस कोकणात हवापालटाला चाललाय. एका बाईनं तर भाभीजींना विचारलं, "किती दिवसांपासून आहे हो यांना?" पुढं बोट हलायला लागली आन् शेठ खरंच आजारी पडले. लहान होडीतून बंदरात उतरवताना दोघांनी धरलं.

जरा बरं वाटल्यावर शेठ म्हणाले, "बघा, केवढा समुद्र दाखवला तुम्हाला! आता खुश?"

भाभीजी म्हणाल्या, "पाणी लई दाखवलंत. आता गोठलेलं दाखवा."

*

हे शेठच्या जिव्हारी लागलं. वैशाखातली दुपार, सूर्य डोक्यावर, आन् शेठनं हुकूम सोडला: पंधरा लाद्या फोडा, बारीक करा, अंगणात ढीग लावा! आम्ही सगळे लागलो. सखाराम, मी, गाडीवान, जो सापडला तो. पुरुषभर उंच ढीग झाला. शेठनं वर देवघरातली छोटी घंटा ठेवली आन् लांब उभं राहून हाक मारली, "बाहेर या! हिमालय घरी आणलाय!"

भाभीजी आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, एक एक पायरी उतरत. ढिगापुढं उभ्या राहिल्या. चपला काढल्या, पाय ठेवला. आमच्या सगळ्यांच्या जीवात जीव न्हाई.

मंग त्यांनी ढिगाला एक चक्कर मारली, नीट बघितलं आन् विचारलं, "यात देव कुठाय?"

शेठनं घंटेकडं बोट दाखवलं. तेवढ्यात बर्फ खचला आन् घंटा गडगडत नालीत गेली. खरं सांगतो, आम्हाला हसूही येईना आन् रडूही. भाभीजी मात्र मागं फिरल्या. चपला घालून घरात गेल्या. मला त्या दिवशी शेठचा पहिल्यांदा राग आला.

*

आन् मंग ते शेवटचं वर्ष. भाभीजी आता पायऱ्या बसून उतरायच्या. अक्षय तृतीया झाली तेव्हा त्या शेठला म्हणाल्या, तेही आमच्यासमोर, "पुढच्या वर्षी मी येईन, पण गुडघे येणार न्हाईत माझ्यासंगं."

शेठ खाली मान घालून म्हणाले, "सीझन हाये. मी काय करू?"

पंधरा दिवस गेले असतील. मृग तोंडावर आला होता. एका सकाळी कॉम्प्रेसर बंद! इस्माईलभाई हात पुसत बाहेर आले. "शेठ, व्हॉल्व्हला तडा गेला. मी काढून मुंबईला पाठवला. नवा बनवून येईपर्यंत महिना तर जरूर लागेल."

शेठ ओट्यावर बसले ते उठेनात. भाभीजी आतून पाणी घेऊन आल्या आन् शांतपणे म्हणाल्या, "कारखाना बंदच हाये, तर मंग चला."

सीझनचं निमित्त गेलं. थंडीचं काढलं तर भाभीजींनी चार स्वेटर पुढं ठेवले, शिवून-विणून तयार! सामान उचलायला सखाराम. तो जायला तयार नव्हता, पण मालकापुढं काय चालणार? जाताना त्यानं कारखान्यातलं लोखंडी घमेलं सोबत घेतलं. ऋषिकेशपर्यंत आगगाडी, पुढं मोटार, पुढं चालत, भाभीजी तेवढ्या डोलीत. चालायची वाट लागली तेव्हा सखारामानं घमेलं डोक्यावर पालथं घातलं ते दर्शन होईपर्यंत काढलं न्हाई. मागून येणारे बैरागी त्याला पंथ विचारायचे!

महिन्याभरानं तिघं परत आले. पाऊस सुरू झाल्ता. गेटवर आम्ही सगळे जमलो. शेठचं नाक सोललेलं, ओठ फुटलेले, पण तोंड थांबेना.

"बाबू, काय सांगू! वाटेच्या कडेला बर्फच बर्फ. आधी मी एक बोट लावलं. मंग हात लावला. मंग बसलोच त्यावर! न मशीन, न मीठ, न भुसा! एवढा माल उघड्यावर पडलाय आन् गेटवर कुणीच न्हाई!"

सखाराम हळूच म्हणाला, "शेठ रडले तिथं."

"रडलो," शेठ म्हणाले. "ही अनवाणी उभी होती बर्फात. पोरीसारखी हसत होती. मी म्हटलं, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं हिला रामेश्वर दाखवत बसलो." त्यांनी डोळे पुसले. "पण एक सांगतो, चालताना जीव गेला माझा. हिनं एक गाठोडं दिल्तं, लाल कपड्यात. म्हणे देवाच्या पायाला लावायचं हाये, हमालाच्या हातात द्यायचं न्हाई. दगडासारखं जड! चढताना छातीशी धरून नेलं, उतरताना छातीशी धरून आणलं. एकदा खाली ठेवू दिलं न्हाई!"

मंग एकदम धंद्याची आठवण झाली. "इस्माईलभाई, व्हॉल्व्ह आला का मुंबईहून?"

इस्माईलभाईंनी मान वर केली. आभाळाकडं बघाय लागले. आम्हीही बघितलं, वर काही नव्हतं.

तेवढ्यात भाभीजी बाहेर आल्या. एका हातात परसादाचं ताट, दुसऱ्या हातात ते लाल गाठोडं. त्यांनी गाठ सोडली आन् आतला व्हॉल्व्ह इस्माईलभाईंच्या हातात ठेवला. त्यावर गंध लावलेलं, एक तुळशीचं पान चिकटलेलं. तड्याचा कुठं पत्ता नव्हता.

"बद्रीनारायणाच्या पायाला लावून आणलाय," त्या म्हणाल्या. "बसवा आता."

शेठ व्हॉल्व्हकडं बघून राह्यले. मंग इस्माईलभाईंकडं. मंग भाभीजींकडं.

"म्हणजे... हे मी वर नेलं?"

"आन् खालीही तुम्हीच आणलं," भाभीजी म्हणाल्या. "हात पुढं करा, परसाद घ्या."