ऊस गेला की माणूस बदलायचा

आष्ट्याजवळ आमची तीन एकर जमीन आहे, आणि ती कसायला देण्याचा आमच्या घरात एकच नियम होता: ऊस गेला की माणूस बदलायचा. ऊस तुटून कारखान्याला गेला की त्याच खोडांतून पुन्हा फुटतो. त्याला खोडवा म्हणतात. बेणं नको, नांगरट नको, निम्म्या कष्टात दुसरं पीक हातात. सगळं गाव खोडवा ठेवतं. आम्ही मात्र कुठल्याच वाटेकऱ्याला ठेवू दिला नाही. खोडवा ठेवला म्हणजे माणूस दुसऱ्या वर्षी राहिला, आणि दुसऱ्या वर्षी राहिलेला माणूस उठत नाही, असं वडील म्हणायचे. कूळकायद्यात आमच्या चुलत आजोबांची जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली होती. ते वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं, मी नुसतं ऐकलं. पण त्यांची भीती मात्र सातबाऱ्यावर नोंद न होताच माझ्याकडे आली.

मी फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवला; हुद्दा काहीही असो, गावात फौजी म्हणजे मेजर. ज्याची भाषा मला कळत नव्हती अशा जवानाच्या हाताच्या इशाऱ्यावर, मागे दरी असताना, गाडी मागे घेतली आहे. तेव्हा भ्यालो नाही. पण गावातल्या ओळखीच्या माणसाला रान द्यायचं म्हटलं की भ्यायचो. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यात राहिलो, कारण बायकोची शाळेतली नोकरी तिथं होती. हंगामात एकदा मी एसटीने आष्ट्याला जायचो, आपल्याच रानात आगंतुकासारखा उभा राहायचो आणि पीकपाहणीच्या सरकारी नोंदीसाठी मोबाइलवर उसाचा फोटो काढायचो. वाटेकऱ्याला हे काम सांगायचं नाही, न जाणो त्याचं नाव कुठं चढायचं. बायको हसायची. उसाला तुम्ही ओळखू यायचे नाहीत, म्हणायची.

एका वर्षी खालच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. लांबून वाटलं, कुणाचा चुना सांडलाय. बोटावर घेऊन जिभेला लावलं तर खारट. मी सरळ त्या वर्षीच्या माणसावर राग काढला, की याने भरमसाट खत टाकलं. नियमाप्रमाणे तो जाणारच होता, गेला. पुढच्या वर्षी पांढरं वाढलं. मग मी त्या माणसावर चिडलो. तिसऱ्या वर्षी तिसऱ्यावर. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण इथं एका उसाचे पाहुणे. कुणी शेणखत घातलं नाही, पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, सगळ्यांनी पेटवलं, आणि मोटर चालू करून पाणी सोडलं ते सोडलंच. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं वागलो असतो का? छातीवर हात ठेवून हो म्हणता येत नाही.

मग जो माणूस आला तो मूळचा वडूजकडचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन इकडे यायचे, पुढे आमच्याच गावात राहिले. कोरड्या मुलखातला असल्यामुळे त्याचा पाण्याला हात आखडता. पाचट त्याने पेटवलं नाही, सरीत कुजू दिलं. आणि इतक्या वर्षांत स्वतःहून फोन करून वाईट बातमी सांगणारा तो पहिलाच. खालचा कोपरा बिघडतोय, येऊन बघा, म्हणाला. मला संशयच आला. एवढं चांगलं वागतो म्हणजे याच्या मनात काय आहे?

ऊस तुटून गेल्यावर आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. तो म्हणाला, "मेजर, खालच्या अंगाला पाण्याला वाटच न्हाई, साचून मीठ वर येतंय. चर खणून पायपा पुरल्या, तर रान सुधारंल. पर एका सालाचं काम न्हाई त्ये. धा सालं द्या. पायपा माझ्या मी घालतो."

विचार करून सांगतो, म्हणालो. तो म्हणाला, तोवर दुसरं रान धरत नाही.

मी इस्लामपूरच्या एका वकिलांना विचारलं. नीट लिहून केलं तर आता तशी भीती नाही, असं त्यांनी सांगितलं. एसटीत बसेपर्यंत मला ते पटलं होतं. उंब्रज यायच्या आत पटेनासं झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, द्या. मग मला वाटलं, ही इतक्या पटकन कशी हो म्हणते? तिने नाही म्हटलं असतं तर कदाचित मी भांडून दिलीही असती. असा माझा स्वभाव. आज फोन करू, उद्या करू, करता करता रानं ठरायचा पाडवाही गेला. शेवटी त्या वर्षापुरती जमीन तिसऱ्याच माणसाला देऊन टाकली. निर्णय पुढे ढकलला, असं स्वतःला समजावलं. वडूजकडच्या माणसाला मात्र तोवर दुसरं रान मिळालं नाही, आणि तो वर्षभर लोकांच्या बांधावर मजुरीने गेला. हे मला फार उशिरा कळलं, आणि लाज वाटली.

पुढच्या वर्षी गेलो तर पांढरं निम्म्या रानावर चढलेलं. तिथला ऊस गुडघ्याएवढा, पिवळा. पहिल्यांदाच मला दुसरी भीती वाटली: जमीन नावावर राहील आणि हातातून जाईल. मी वकिलांकडून दहा वर्षांचा करार लिहून घेतला, सही केली आणि बायकोला घेऊन त्याच्या घरी गेलो.

त्याने आमचं सगळं नीट केलं. चटई टाकली, पाणी दिलं. मग म्हणाला, वाचून दाखवा. बायकोने वाचलं. जमिनीची हद्द, दहा वर्षं, निम्मा वाटा. शेवटच्या पानावर ती थबकली, माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं: मालकास वाटेल तेव्हा, कारण न देता, एक महिन्याच्या सूचनेने हा करार संपवता येईल.

ती ओळ मीच घालायला लावली होती. मग दहा वर्षं लिहून उपयोग काय, असं वकिलांनीही विचारलं होतं. असू द्या, नुसती असू द्या, म्हणालो होतो.

तो रागावला नाही. "आवं मेजर, भ्या काय तुमाला एकट्यालाच हाय व्हय?" तो म्हणाला. "पायपा माझ्या, रान तुमचं. चार सालांनी रान सुधारलं आन् तुमी उठ म्हणला, तर मी काय पायपा उकरून खांद्यावर घिऊन जाऊ?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भिण्याचा हक्क फक्त मालकाचा, असंच मी धरून चाललो होतो.

त्याने खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "तेवढी वळ खोडा," म्हणाला. "मी हितंच सही करतो."

एक रेघ ओढायची होती. हा माणूस चांगला आहे हे मला कळत होतं. जमीन वाचवायची तर हाच, हेही कळत होतं. मी टोपण काढलं. वडील आठवले, चुलत आजोबा आठवले, ज्यांना मी पाहिलंसुद्धा नाही. किती वेळ गेला माहीत नाही. हात हललाच नाही. त्याने ते पाहिलं, माझ्या हातातून हळूच पेन घेतलं आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितलं. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्या पाडव्याला त्याने नदीकडच्या एका मालकाचं रान बारा वर्षांवर धरलं.

त्याच्या घरून परतताना, त्याच दिवशी, एसटीत बायको म्हणाली, "तो आपली जमीन घेईल म्हणून भ्यालात ना? अहो, घेण्यासारखं त्यात आता राहिलंय काय?"

वरच्या दीड एकरात अजून ऊस येतो. त्याच्यासाठी मी यंदा नवा माणूस शोधतोय.