मनीषासाठी लॅपटॉप बघायला गेलो तेव्हा

आमचं ऑफिस म्हणजे नंदुरबारला खताच्या दुकानावरची एक खोली. सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही तिघं : मी, ब्राह्मणपुरीचा भूषण आणि खांडबाऱ्याच्या डोंगराकडची मनीषा. माणसं तीनच, पण किस्से असे साचलेत की चहावाला चहा देऊन निघायचं नाव घेत नाही! त्यातले लॅपटॉपचे तेवढे सांगतो.

*

भूषणचा पहिला लॅपटॉप त्याच्या वडिलांनी घेतला. केळी-पपई पिकवणारा माणूस, दुकानात म्हणाले, "सगळ्यात दणकट दाखव!" दुकानदारानं गेम खेळायचा भलामोठा लॅपटॉप गळ्यात मारला. चार्जरच विटेएवढा! दर शनिवारी तो पाठीवर बांधून भूषण मोटरसायकलनं गावी पोचायचा आणि ओट्यावर आडवा व्हायचा. एकदा आईनं अहिराणीत विचारलंच, "भूषन, हाऊ लॅपटॉप शे का पानीनं इंजिन?"

"बाबाले इचार! त्यासनी ट्रॅक्टर समजीसन लिधा!"

*

मग मनीषावर वेळ आली. आईचा पाय मोडला, तिला घरी जाणं भाग होतं. पुण्याचा क्लायंट म्हणाला, "गावाहून काम करून बघा. पण डेमो नीट झाला नाही, तर आम्ही दुसरं माणूस शोधू."

आता हिच्या पाड्यावर दुपारी वीज नाही आणि रेंज फक्त टेकडीवर. प्रोग्राम लिहून पगार आणणारी त्या पाड्यातली ही पहिली पोरगी, आणि तिची नोकरी एका लॅपटॉपवर टांगलेली! भूषण म्हणाला, "रॅम भरपूर पाहिजे." मी म्हणालो, "कीबोर्ड चांगला पाहिजे."

मनीषा म्हणाली, "दादा, आधी त्याला टेकडी चढता आली पाहिजे."

*

दुकानात या बाईनं काय करावं? लॅपटॉप सरळ आपल्या पिशवीत टाकला आणि समोरच्या इमारतीचा जिना चढायला लागली. दुकानदार पोरगा मागे धावतोय, त्याच्यामागे भूषण! खाली आल्यावर तिनं लॅपटॉप परत केला. "खांदा ओढतो हा." दुसरा बरा निघाला. मग तो घेऊन भर उन्हात दुकानाच्या पायरीवर बसली आणि स्क्रीन दिसते का बघत टाइप करत राहिली.

"ताई, ऊन लागेल त्याला!" पोरगा कळवळला.

"लागू द्या. आमच्याकडेच राहायचंय त्याला."

*

भाव ठरवायची वेळ आली तसे सोबत आलेले तिचे वडील, गुलाबकाका, पुढे झाले. उभा जन्म बैलबाजारात गेलेला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल पोराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलाचा सौदा असाच होतो ना, बोटांनी भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

पोरगा दचकला. "काका, यूपीआय चालतं!"

गल्ल्यावरून त्याचे म्हातारे वडील उठले. "सरक तिकडे," म्हणाले आणि स्वतःचा हात रुमालाखाली घातला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत, माना हलतायत, शब्द एक नाही. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. शेवटी दोघंही हसले, रुमाल निघाला, सौदा पक्का! वर माउस फुकट.

भूषण परतताना वाटभर माझी बोटं दाबून बघत होता.

*

डेमोच्या दिवशी नंदुरबारची वीज गेली. आमचा इन्व्हर्टर बसला, भूषणच्या लॅपटॉपनं मान टाकली. आम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. सगळा भार टेकडीवर, महूच्या झाडाखाली बसलेल्या मनीषावर! पुण्याच्या साहेबांनी प्रश्नांचा मारा केला. तिनं एकेकाला उत्तर दिलं. त्यांनी एक चूक दाखवली, ती तिनं त्यांच्यासमोरच दुरुस्त करून दाखवली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली आणि डोळेही भरले. भूषण तर उगाच खिडकीत जाऊन उभा राहिला.

साहेब खूश. "मनीषा, काम तुमच्याकडेच राहणार! आणि हो, हा लॅपटॉप कुठला? आमच्या सगळ्या टीमला हाच घेऊन देतो."

शेजारी छत्री धरून बसलेले गुलाबकाका कॅमेऱ्यात वाकले.

"लॅपटॉप भेटेल साहेब, नंदुरबारला. पोरगी नाही भेटणार!"