स्पंजावरची बुळबुळ

आमच्या प्रयोगशाळेत काका एकतीस वर्षं समुद्रातले स्पंज धुताहेत. भांडी घासायचा स्पंज नव्हे. हा खडकाला चिकटून राहणारा जिवंत प्राणी. पाणबुडे पिशवी आणून टाकतात, काका एकेक स्पंज नळाखाली ब्रशनं घासतात, चिमट्यानं किडे वेचतात, मग चिरून अल्कोहोलमध्ये घालतात. त्या अर्कात काही औषधी निघतंय का, ते आम्ही बघतो. अंगात वास इतका मुरलाय की काकू त्यांना आधी न्हाणीघर दाखवतात, मग चहाचं विचारतात. निवृत्त व्हायच्या आधी आपल्या हातून एक तरी औषध निघावं, एवढंच त्यांचं मागणं. आता दोन महिने उरले होते.

चार वर्षांपूर्वी एका पिवळ्या स्पंजाच्या अर्कानं बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या. बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, त्या दिवशी चक्क हसल्या. पुढे त्याच खडकावरून सहा वेळा स्पंज आणला. सहाही वेळा काही नाही. शेवटी काम बंद करायचा हुकूम आला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखंच वाटलं, इतका कंटाळलो होतो.

आवराआवरीत जुनी नोंदवही उघडली, तर त्या पहिल्या स्पंजापुढे माझंच अक्षर. तेव्हा काकांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि चिरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी अंगचोरपणा करून तो न धुताच, वरच्या बुळबुळीसकट कापला होता. लाज वाटली, पण बाईंना सांगितलं. त्याच खडकावरून आणखी एक स्पंज आणून तसाच, न धुता चिरला. पेशी मेल्या. औषध त्या बुळबुळीत होतं.

बाईंनी काकांना खुर्चीत बसवलं. "धुवायला आम्हीच शिकवलं तुम्हाला. चूक आमची. पण काम वाचलं, काका."

काकांनी नोंदवही ओढून मागची पानं उलटली.

"आधीच्या स्पंजांतली किती औषधं अशी धुऊन गेली असतील?"

"ते आता नाही सांगता येणार."

"तुम्ही दोनदा धुवा म्हणायचात," काका म्हणाले. "मी चारदा धुवायचो."

ते उठले, नव्या पिशवीतला स्पंज फळीवर ठेवला, सुरी घेतली आणि थांबले.

"हात नळाकडेच जातोय रे," सुरी माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "तू चिर."