निम्म्या काड्या, निम्मे गोळे

निसार शेख गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. भिंगारच्या घरी सकाळी अंगणात चक्कर येऊन पडले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पाच मिनिटांत चाळीसेक हात जोडून झाले, आणि त्यांच्याच खाली कुणीतरी प्राचार्यांच्या वाढदिवसाचा केक टाकला. मग हात जोडणारे तेच लोक केकखाली टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांचं एक चित्र मीही टाकलं. न टाकलं तर दिसतं, म्हणून.

आठवड्याने कोपरगावला कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. प्राचार्य, म्हणजे तेव्हाचे आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, गहिवरून बोलले. "आमच्या सिलिकाच्या शोधनिबंधामागे निसार सरांच्या हातांची जादू होती," म्हणाले, आणि रुमाल काढला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी समोरच्या रांगेत बसून पाहिलं. नंतर मला उठवलं. मी दोन मिनिटं 'मनमिळाऊ स्वभाव' वगैरे बोललो आणि खाली बसलो. बाहेर चहा आणि वेफर्स होते. मी वेफर्स खाल्ले. 

म्हणून आता खरं काय झालं ते लिहितो.

निसारभाई आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे तास घेतला तर मोबदला, सुट्टीत घरी. सोमवारी पहाटेच्या एसटीने भिंगारहून यायचे, आठवडाभर खोलीवर राहायचे, शनिवारी परत. एम.एस्सी.ला विद्यापीठात वरचा नंबर, पण कायम नोकरीचं काही जमलं नव्हतं. नावावर एखादा चांगला शोधनिबंध असता तर पुढच्या मुलाखतीत त्यांना कुणी डावललं नसतं, हे सगळा विभाग जाणून होता. आम्हाला तेव्हा सिलिकाच्या बारीक काड्या बनवायच्या होत्या. डोळ्यांना दिसणारच नाहीत इतक्या बारीक. साधारणपणे सिलिकाचे कण गोल होतात, त्यात विशेष काही नाही. पण एका जड मद्यार्कात पाण्याचे सूक्ष्म थेंब तरंगत ठेवायचे, अमोनिया घालायचा, सिलिकाचं औषध सोडायचं. मग प्रत्येक थेंबातून एकाच बाजूला काडी वाढत जाते. उष्णता वाढवली की काडी बारीक होते. हे समजावताना निसारभाईंचा आवाज मऊ व्हायचा. "सर, थेंब टोपीवानी डोक्यावर बसतो आणि खालून काडी वाढती. फक्त त्याला हलवायचं न्हाई. हलला की थेंब सुटला, थेंब सुटला की काडी गेली."

आणि पहिले दोन-तीन महिने काड्या येईनात. गोळे, गाठी, वाकडेतिकडे तुकडे. विभागप्रमुखांनी अमोनिया बदलला, मद्यार्क बदलला, पुरवठादाराला शिव्या घातल्या. मग एकदा साखर कारखान्याचं गाळप यंत्र बिघडून दोन दिवस बंद पडलं आणि त्या दोन दिवसांत लावलेल्या बाटलीत सरळ, सुंदर काड्या आल्या. निसारभाई सूक्ष्मदर्शकातला फोटो घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. आमच्या प्रयोगशाळेला लागूनच कारखान्याचा रस्ता आहे. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर दिवसभर जातात, वर गाणी लावलेली. "औषधात काय दोष न्हाई सर," ते म्हणाले, "टेबल हलतंय." दुसऱ्या दिवशी कुठून तरी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर बाटली. आम्ही हसलो. पण निम्म्या काड्या यायला लागल्या.

निम्म्याच. ट्रॉल्या चालूच होत्या. निसारभाई म्हणाले, "पट्टा पडूद्या. गाळप थांबलं की सगळ्या सरळ येतील. दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय." पण मूल्यांकन समिती त्याआधी येणार होती आणि विभागप्रमुखांना तोवर निबंध छापून हवा होता. पुण्याहून सूक्ष्मदर्शकातून काढून आणलेला फोटो त्यांनी संगणकावर उघडला, ज्या कोपऱ्यात काड्याच काड्या होत्या तेवढा कापून घेतला, आणि खाली लिहिलं की सर्वत्र एकसारख्या काड्या मिळाल्या. निसारभाईंनी मूळ फोटो पुन्हा पडद्यावर उघडला. मग शांतपणे म्हणाले, "हे आसं झालेलं न्हाई, सर. पूर्ण फोटो तरी छापा." विभागप्रमुख म्हणाले, "सगळे असंच करतात." निसारभाई म्हणाले, "मग माझं नाव काढा."

त्या खोलीत मी होतो. नावांच्या यादीत मीही होतो. आळीमिळी गुपचिळी. निबंध छापून आला, समिती खूश झाली, मला त्याच्या जोरावर बढती मिळाली. पट्टा पडला तेव्हा निसारभाईंनी पुन्हा प्रयोग लावायला औषध मागितलं. "आता गरज काय?" असं उत्तर आलं. पुढच्या जूनमध्ये त्यांना तास दिले नाहीत. त्यानंतर ते नगरला शिकवणी वर्गात बारावीच्या मुलांकडून समीकरणं पाठ करून घेत राहिले, शेवटपर्यंत. मला दिवाळीला न चुकता फोन करायचे. मुलांची चौकशी करायचे. निबंधाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मी तर नाहीच नाही. त्यांच्या त्या चांगुलपणाचाही मला राग यायचा. एवढा निर्लज्ज मी होतो.

शोकसभेनंतर मी भिंगारला गेलो. त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, चहा ठेवायला आत गेल्या आणि येताना एक जाडजूड वही घेऊन आल्या. "तुमच्या कामाची आसंल तर बघा, न्हाईतर रद्दीत जाईल," म्हणाल्या. त्यात आमचे सगळे प्रयोग होते, फसलेलेसुद्धा, तारीखवार. कोणत्या वेळी किती ट्रॉल्या गेल्या तेही. त्या फोटोची अख्खी प्रत डिंकाने चिकटवलेली होती. खाली लिहिलं होतं: 'निम्म्या काड्या. बाकी गोळे. हे असंच आहे.'

मी भाभींना काय झालं होतं ते सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, तास कमी झाले म्हणून सुटले. मी म्हणालो, हे पान जोडून त्या नियतकालिकाला पत्र लिहितो.

"मग आता त्यांचं नाव लागंल का त्याला?"

"नाही भाभी. बहुतेक निबंधच मागे घेतील. आमचीच नावं जातील."

त्यांनी कप उचलले. "म्हणजे त्यांच्या बरोबरीला आलात म्हणा."

पत्र मी पाठवलंय. परवा प्राचार्यांचा फोन आला होता, उचलला नाही. पण भाभींचं वाक्य काही खरं नाही. निसारभाईंनी नाव काढायला सांगितलं तेव्हा त्यांना नोकरी लागायची होती. मी पत्र टाकलं तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.